पाड्यांवरचे मोफत प्राणी-शिबिर: आधी परतीची तारीख ठरवा

आपला प्रश्न असा आहे: शहरातील काही पशुवैद्यक, पशुवैद्यक महाविद्यालयातील विद्यार्थी आणि प्राणिमित्र मिळून पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा तालुक्यांतील पाड्यांवर कुत्र्या-मांजरांसाठी दोन दिवसांचे मोफत शिबिर घेऊ इच्छितात. त्यात तपासणी, खरजेवरील उपचार, लसीकरण आणि जमल्यास नसबंदीही करावी असा विचार आहे, आणि कोणती औषधे न्यावीत, किती माणसे लागतील व कोणता महिना योग्य ठरेल हे आपण विचारले आहे. या तिन्ही गोष्टींबद्दल पुढे लिहितोच, परंतु त्या तिन्ही एका चौथ्या गोष्टीवर अवलंबून आहेत आणि तिचा उल्लेख आपल्या प्रश्नात नाही. त्याच पाड्यावर आपण पुन्हा केव्हा जाणार आहात?

शहरातील दवाखान्यात आपण रोज नकळत एक गोष्ट गृहीत धरून उपचार करत असतो, ती म्हणजे बिघडले तर मालक उद्या प्राण्याला परत घेऊन येईल. पाड्यावर हे गृहीतक नाहीसे होते. पाळीव प्राण्यांचा दवाखाना जवळपास नसतो, एस.टी.तून कुत्रा नेणे अवघड असते आणि रोजगार बुडवून कोणी कुत्र्यासाठी तालुक्याला जाणार नाही. म्हणून मी कामाची विभागणी रोगानुसार करत नाही, परतीच्या दिवसानुसार करतो. जे काम एका भेटीत पुरे होते ते पहिल्या दिवशी करावे, ज्याला पुढच्या आठवड्यात जावे लागते ते तेव्हा जाणार असू तरच सुरू करावे, आणि ज्याला रोज पाहावे लागते ते पाड्यावर करूच नये.

संसर्गजन्य लैंगिक अर्बुदाचे उदाहरण घ्या. मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांत ही गाठ नेहमी आढळते आणि रक्तस्रावामुळे मालकही हवालदिल झालेला असतो. विन्क्रिस्टीनने ती उत्तम बरी होते, पण त्यासाठी दर आठवड्याला एक याप्रमाणे साधारण चार ते सहा शिरेतील मात्रा लागतात. एकच मात्रा देऊन निघून आल्यास गाठ थोडी बसते आणि पुन्हा वाढते. शिवाय हे पेशीनाशक औषध असल्यामुळे त्याच्या सुया, हातमोजे आणि पुढील काही दिवसांची त्या कुत्र्याची विष्ठा-लघवी हा ज्या अंगणात मुले खेळतात तिथला प्रश्न होऊन बसतो. गोचीडतापाचेही असेच आहे. एर्लिकिया या गोचिडांतून पसरणाऱ्या जंतूसाठी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक जवळपास चार आठवडे द्यावे लागते, आणि गोळ्यांची पुडी हातात दिली म्हणजे उपचार झाला असे होत नाही. घरात रोज गोळी देणारे कोण आहे, ती कशातून देणार, हे विचारून पटले तरच मी ती पुडी देतो.

या कसोटीवर सर्वांत स्वच्छ उतरणारे काम म्हणजे रेबीजचे लसीकरण. एक सुई, एक मिलिलिटर, आणि वर्षभर निश्चिंती. पहिल्या वर्षी आपण दुसरे काहीही केले नाही आणि निवडलेल्या पाड्यांतील बहुतेक सर्व कुत्र्यांना ही लस दिली, तरी ते शिबिर माझ्या मते यशस्वी आहे. उलट पन्नास कुत्र्यांची सविस्तर तपासणी करून विसांना लस दिली तर छायाचित्रे चांगली येतील, रोगाला मात्र त्याचा पत्ताही लागणार नाही.

किती कुत्र्यांना लस द्यावी याला एक ठरलेला आकडा आहे: ७० टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने तो सांगितला आहे आणि भारताच्या २०२१ च्या राष्ट्रीय रेबीज निर्मूलन कृती आराखड्यातही, ज्याचे उद्दिष्ट २०३० हे वर्ष आहे, तोच पाया आहे. हा आकडा इतका मोठा का, हे स्वयंसेवकांना समजावून सांगावे. रेबीज कुत्र्यांत फारसा वेगाने पसरत नाही. एका पिसाळलेल्या कुत्र्याकडून सरासरी एक-दोन कुत्र्यांनाच लागण होते, त्यामुळे एखाद्या वेळी निम्म्याहून कमी कुत्री सुरक्षित असली तरीही साखळी तुटू शकते. अडचण वर्षभर टिकण्याची आहे. समजा, एका पाडासमूहात शंभर कुत्री आहेत आणि त्यांपैकी सत्तरांना लस दिली. वर्षभरात त्यांतील वीस-पंचवीस बिबट्याने, रोगाने, उपासमारीने किंवा रस्त्यावर मरतात आणि त्यांची जागा लस न घेतलेली पिल्ले घेतात. म्हणजे पुढच्या फेरीच्या आदल्या दिवशी सुरक्षित कुत्री पंचेचाळीस-पन्नासच उरतात. सुरुवात चाळीसांपासून केली असती तर सहा महिन्यांतच आपण साखळी तुटण्याच्या रेषेखाली गेलो असतो. यावरून दोन गोष्टी निघतात. वीस गावांत थोडे थोडे करण्यापेक्षा एका ग्रामपंचायतीचे सर्व पाडे पुरे करावेत, आणि दरवर्षी त्याच सुमारास परत जावे. पिल्लांनाही वगळू नये. लशीच्या वेष्टनावर बहुधा तीन महिन्यांचे वय लिहिलेले असते, पण सामूहिक मोहिमेत त्याहून लहान पिल्लांनाही लस द्यावी अशीच शिफारस आहे. पुढच्या फेरीत ती पुन्हा द्यावी म्हणजे झाले.

हे घडू शकते याचा दाखला शेजारीच आहे. गोव्यात राज्य शासन आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी मिळून कुत्र्यांचे सामूहिक लसीकरण वर्षानुवर्षे चालवले, लस दिलेल्या प्रत्येक कुत्र्यावर रंगाची खूण केली, मोबाइलवर नोंद ठेवली, आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. गोव्यातील रस्ते, वस्तीची दाटी आणि शासनाचा पैसा आपल्याकडे नाही, पण खूण करणे आणि मोजणे या दोन सवयींना पैसा लागत नाही.

आता महिन्याविषयी. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असल्यामुळे बहुतेक संस्था त्याच आठवड्यात शिबिर ठेवतात. जव्हार-मोखाड्यात तेव्हा पाऊस पुरता सरलेला नसतो आणि ओढ्यापलीकडचे पाडे हमखास राहून जातात. त्याहून मोठी गोष्ट स्थलांतराची आहे. भात-नागलीची कामे आटोपली की दिवाळीनंतर अनेक कुटुंबे भिवंडी-वसई पट्ट्यातील वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. काही कुत्री त्यांच्याबरोबर जातात, बाकीची म्हाताऱ्या माणसांच्या भरवशावर मागे राहतात आणि अन्न कमी पडल्यामुळे दूरवर भटकू लागतात. डिसेंबरच्या सुखद हवेत घेतलेल्या शिबिरात निम्मी घरे कुलूपबंद दिसतात ती यामुळेच. म्हणून माझी पसंती दिवाळीपूर्वीच्या पंधरवड्याला आहे. कापणीची घाई असली तरी माणसे पहाटे आणि सांजेला घरी असतात, आणि भट्टीवर जाणारे कुत्रे लस घेऊन जाते. शिमग्याला बरीच कुटुंबे चार दिवस घरी येतात. राहिलेल्या कुत्र्यांसाठी तेव्हा एक छोटी पुरवणी फेरी काढावी.

शहरातील ‘पाळीव’ आणि ‘भटके’ ही विभागणी तिथे घेऊन जाऊ नये. पाड्यावरील जवळजवळ प्रत्येक कुत्र्याला घर असते, पण त्याच्या गळ्यात पट्टा नसतो आणि त्याला कोणी कधी बांधलेले नसते. ते शेळ्यांबरोबर जाते, रात्री माळ्याखाली बसून रानडुकरांवर भुंकते, आणि बिबट्या आला तर पहिला बळी तेच ठरते. असे कुत्रे शाळेच्या मैदानात लावलेल्या मंडपापर्यंत येत नाही. आलेच तर दुसऱ्या पाड्यावरील कुत्र्यांशी भांडते आणि दोर तोडून पळते. त्यामुळे एका ठिकाणी टेबल मांडण्याऐवजी घरोघर जावे. सकाळी साडेसहा ते नऊ ही वेळ उत्तम. त्यानंतर कुत्री माणसांबरोबर रानात जातात. चार जणांची एक तुकडी पुरते: एक पशुवैद्यक, एक प्राणी धरण्यात तरबेज असलेला माणूस, एक नोंद ठेवणारा, आणि एक पाड्यावरचाच, ज्याला कुठल्या घरी किती कुत्री हे ठाऊक आहे. हा चौथा माणूस सर्वांत महत्त्वाचा. आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, जिल्हा परिषदेच्या शाळेतील गुरुजी यांच्याशी आधी एकदा जाऊन बोलले म्हणजे तो सापडतो. बाहेरून केलेली घोषणा ऐकून लोकांना कुत्री पकडून न्यायला गाडी आली असे वाटते, आणि मग सगळी कुत्री रानात पिटाळली जातात.

कुत्रे धरायचे काम घरातील मोठ्या माणसाला सांगावे. मुले उत्साहाने पुढे येतात, पिल्लाला कडेवर घेऊन येतात, त्यांचे कौतुक जरूर करावे, पण सुई टोचताना कुत्रे मुलाच्या हातात असता कामा नये. लशीचे पैसे घेऊ नयेत, अगदी नाममात्रही. दहा रुपयांसाठी जे घर मागे सरते तेथील कुत्रे नेमके आपल्या सत्तर टक्क्यांतून सुटते. लस दिल्यावर डोक्यावर रंगाच्या खडूने ठळक खूण करावी आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच, ज्यांनी लस दिली नाही अशा दोघांनी सर्व पाड्यांतून फिरून खुणेची व बिनखुणेची कुत्री मोजावीत. हे मोजणे कंटाळवाणे असते आणि शिबिर संपले या भावनेत टाळले जाते, पण आपण सत्तरवर पोहोचलो की पन्नासवर, हे सांगणारा दुसरा कोणताही मार्ग नाही.

लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते हे सर्वांना माहीत असते. उन्हाची भीतीही सर्वांना असते. गोठण्याचे मात्र कोणी मनावर घेत नाही. रेबीजची मृत विषाणूची लस गोठली की निकामी होते, आणि फ्रीजरमधून काढलेल्या दगडासारख्या बर्फाच्या पिशवीला कुपी चिकटून राहिली तर नेमके तेच होते. पिशवी थोडी वितळून आत पाणी हलू लागले की मगच पेटीत ठेवावी, मध्ये पुठ्ठा किंवा वर्तमानपत्राची घडी घालावी आणि तापमापक ठेवावा. रात्री लस कुठे ठेवायची हे आधी ठरवावे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यातील शीतपेटीसाठी विनंती केल्यास सहसा नकार मिळत नाही. क्वचित एखाद्या कुत्र्याला लशीची तीव्र प्रतिक्रिया येते, म्हणून अॅड्रेनलिन प्रत्येक तुकडीच्या पिशवीत हवे, एकाच गाडीत नव्हे.

आपल्या माणसांच्या सुरक्षिततेबाबत मी तडजोड करत नाही. कुत्र्याला हात लावणाऱ्या प्रत्येकाने रेबीजची प्रतिबंधक लस आधीच पूर्ण केलेली असावी. ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी अशा तीन मात्रा असतात, म्हणजे तयारी किमान महिनाभर आधी सुरू करावी लागते. असे लसीकरण झालेल्याला पुढे कुत्रे चावले तर ० आणि ३ ऱ्या दिवशी दोनच मात्रा लागतात आणि इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनची, गरज पडत नाही. जिथून रुग्णालयात पोहोचायला तास-दोन तास लागतात तिथे हा फरक मोठा आहे. तरीही चावा बसल्याबरोबर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुणे कोणालाही चुकलेले नाही.

विद्यार्थ्यांना आणखी एक गोष्ट बजावून सांगावी. पिसाळलेले कुत्रे म्हणजे धावून चावणारे, एवढेच चित्र सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. रेबीजच्या मूक प्रकारात कुत्रे शांत असते, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही, आणि मालक सांगतो, ‘डॉक्टर, घशात हाड अडकलंय.’ अशा तोंडात हात घालायचा नाही. बैल किंवा म्हैस लाळ गाळत, घोगरे हंबरत असेल तेव्हाही हाच नियम. त्या प्राण्याला बांधून वेगळे ठेवावे, त्याच्या लाळेशी कोणाकोणाचा संबंध आला याची यादी करून त्यांना आरोग्य केंद्रात पाठवावे आणि पशुधन विकास अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवावे. याच वेळी लोकांशी बोलणेही होते. चाव्यावर चुना किंवा मिरचीची पूड भरण्याची पद्धत अजून गेलेली नाही, आणि पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात या जुन्या धास्तीने माणसे दवाखाना टाळतात. आता लस दंडात दिली जाते आणि सरकारी रुग्णालयात ती मोफत असते, एवढी दोन वाक्ये प्रत्येक घरी सांगावीत.

नसबंदीचा विचार पहिल्या वर्षी सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कायद्याची बाजू अशी की २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार मोकाट कुत्र्यांची नसबंदी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेनेच, ठरावीक सुविधा असलेल्या केंद्रात करायची असते. शाळेच्या पडवीत टेबल लावून ती करता येत नाही. बेशुद्धीसाठी वापरले जाणारे केटामाइन शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाखालील औषधांच्या यादीत येते आणि त्याच्या प्रत्येक मिलिलिटरचा हिशेब ठेवावा लागतो. पण हे सर्व जुळवले तरी वैद्यकीय अडचण उरते. पाड्यावरची कुत्री जंत आणि गोचिडांमुळे रक्तक्षयी असते, एर्लिकियामुळे तिच्या रक्तातील बिंबिका (रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स) कमी झालेल्या असतात, आणि वरून धडधाकट दिसणारी अशी कुत्री टेबलावर रक्तस्रावाने जाते. जी वाचते ती तिसऱ्या दिवशी टाके चाटून उसवते, तेव्हा आपण मुंबईत असतो. एक कुत्री अशी गेली की पुढच्या वर्षी लशीसाठीही दारे उघडत नाहीत. नसबंदी करायचीच असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, आधी जंतनाशक व गोचीडनाशक दिलेल्या माद्या निवडून, त्यांना मान्यताप्राप्त केंद्रात नेऊन, जखम भरेपर्यंत तिथे ठेवून परत आणून सोडावे. खर्च जास्त येतो, संख्या कमी भरते, आणि तेच योग्य आहे.

लशीबरोबर जे सहज पुरे होते ते मात्र अवश्य करावे. जंतनाशक द्यावे. खरूज आणि गोचिडांसाठी मी आता जमेल तिथे फ्लुरालानरची गोळी वापरतो. ती महाग आहे, पण एका गोळीचा परिणाम सुमारे बारा आठवडे राहतो, तर आयव्हरमेक्टिनसाठी एक-दोन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा जावे लागते. पैसे मर्यादित असतील तर मोजक्याच, जास्त त्रास असलेल्या कुत्र्यांना ही गोळी द्यावी. वजन अंदाजाने ठरवू नये, ताणकाटा आणि गोणपाटाची झोळी एवढे साहित्य पुरते. खरजेवर जळके ऑइल चोपडण्याची सवय गावोगावी आहे. कुत्रे ते चाटते आणि आजारी पडते, त्यामुळे हा उपाय बंद करण्याबद्दल जरूर सांगावे. जखमेत किडे पडले असता सीताफळाचा पाला वाटून लावतात, त्याबद्दल मात्र मी लोकांना टोकत नाही. त्याने किडे बाहेर येतात. फक्त तो रस डोळ्यांत गेल्यास इजा होते, म्हणून कानाच्या व डोळ्याजवळच्या जखमांना तो लावू नये एवढे सांगतो, आणि किडे काढल्यावर जखम धुऊन माश्या न बसणारे मलम लावायला दाखवतो. डुकरांसाठी लावलेल्या फासकीत पाय अडकून तार रुतलेली कुत्रीही दिसतात. तार कापून जखम साफ करणे एका भेटीत होते; पाय काळा पडला असेल तर तो रुग्ण बरोबर घेऊनच निघावे लागते, आणि तशी जागा गाडीत ठेवावी.

मांजरे कमी दिसतील, कारण ती माळ्यावर असतात. धान्याच्या कणगीजवळचे मांजर घरातील बाईला कुत्र्याइतकेच मोलाचे असते, म्हणून विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. मांजरालाही रेबीजची लस द्यावी. माणसाची तापाची गोळी, म्हणजे पॅरासिटामॉल, मांजराला मारते, आणि गुरांच्या गोचिडांसाठी आणलेले औषध मांजराच्या अंगाला लावणेही जिवावर बेतू शकते. या दोन सूचना तिथे खरोखर उपयोगी पडतात.

आपण कुत्र्यांसाठी आलो आहोत असे कितीही सांगितले तरी लोक शेळी आणि बैल घेऊन येतील, आणि त्यांचे बरोबर आहे. लंगडणारा बैल सोडून कुत्र्याला सुई देणारा डॉक्टर त्यांना समजत नाही, मलाही तो समजला नसता. त्यासाठी पशुधन विकास अधिकारी किंवा पशुधन पर्यवेक्षक यांना आपल्याबरोबर येण्याची विनंती करावी आणि १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक प्रत्येक पाड्यावर लिहून द्यावा. स्वतः उपचार करायचे असतील तर वेदनाशामक म्हणून मेलॉक्सिकॅम न्यावे. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ पासून बंदी आहे आणि २०२३ मध्ये किटोप्रोफेन व असिक्लोफेनॅकवरही ती आली. मोखाड्याला लागून असलेल्या त्र्यंबक तालुक्यात, हरसूलच्या परिसरात गिधाडे अजून टिकून आहेत. उपचारानंतर मेलेला एक बैल उघड्यावर टाकला गेला आणि त्याच्या शरीरात चुकीचे औषध असले तर त्यांचा थवाच्या थवा जाऊ शकतो. देणगीत आलेल्या औषधांच्या खोक्यांत माणसांच्या डायक्लोफेनॅकच्या कुप्या असतात, त्या निघण्यापूर्वीच वेगळ्या काढाव्यात. मुदत संपत आलेली औषधेही घेऊ नयेत.

राहता राहिली कागदपत्रे. इंजेक्शन देणे आणि उपचार करणे हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचेच काम आहे. विद्यार्थ्यांनी ते त्यांच्या देखरेखीखाली करावे आणि प्राणिमित्रांनी धरणे, नोंद, मोजणी सांभाळावी. जिल्हा पशुसंवर्धन कार्यालय, तालुक्याचे पशुधन विकास अधिकारी, ग्रामपंचायत आणि आरोग्य केंद्र यांना दोन महिने आधी पत्र द्यावे. वापरलेल्या सुया, कुप्या आणि कापूस तिथल्या खड्ड्यात न पुरता बरोबर परत आणून जैववैद्यकीय कचऱ्यात द्यावेत. घरनिहाय नोंदवहीची एक प्रत पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे आणि एक आशा कार्यकर्तीकडे ठेवावी, म्हणजे मार्चमध्ये एखाद्या मुलाला कुत्रे चावले तर त्या कुत्र्याला लस दिलेली होती का, हे तिला वही उघडून पाहता येईल. लस दिलेली असली तरी मुलाचे उपचार थांबवायचे नाहीत आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची, हेही त्याच वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहावे.